चौकट : वायरमनची परदेशवारी, परीक्षा आधी

आयटीआयचं प्रमाणपत्र आणि दहा वर्षांचा हातखंडा असला, तरी ऑस्ट्रेलियात इलेक्ट्रिशियन म्हणून स्थायिक होण्याच्या व्हिसासाठी आधी कौशल्य तपासून घ्यावं लागतं. हे काम तिथल्या सरकारची ‘ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया’ पाहते. प्रत्यक्ष तपासणी तिने मान्यता दिलेल्या ‘व्हेटअ‍ॅसेस’सारख्या संस्था करतात.

▪ कागद : प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, पगाराच्या स्लिपा, बँकेचे उतारे, मालकाचं अनुभवपत्र. ‘इलेक्ट्रिकल कामं केली’ एवढं मोघम लिहून भागत नाही. पॅनेल जोडलं, केबल टाकली, इन्सुलेशन टेस्ट घेतली, असं काम नेमकं यायला हवं.

▪ हात : परीक्षकासमोर प्रत्यक्ष जोडणी, चाचणी आणि दोष शोधणं. काम सुरू करण्यापूर्वी पुरवठा खरोखर बंद आहे ना, हे टेस्टरने तपासायची सवय इथे कामी येते.

▪ साम्य आणि फरक : दोन्हीकडे वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचीच. पण तिथे प्लगच्या पिना चपट्या आणि तिरक्या. शिवाय घराच्या मुख्य स्विचबोर्डातच न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना जोडलेले असतात. तिथला वायरिंगचा नियमग्रंथ म्हणजे ‘एएस/एनझेडएस ३०००’ हे मानक.

▪ लक्षात ठेवा : उत्तीर्ण झालात म्हणजे लायसन्स मिळालं, असं नाही. तिथे पोचल्यावर उरलेलं प्रशिक्षण घ्यायचं आणि परवानाधारकाच्या देखरेखीखाली काम करायचं. पूर्ण परवाना देतं ते त्या त्या राज्याचं खातं.