छपरावरचा जमाखर्च

वेरूळचे कैलास लेणे कळसापासून खाली कोरत आणले गेले. विजेचा हिशेबही छपरापासून मांडावा, असे म्हटल्यास आगाऊपणा ठरू नये. शीत देशांत जो उष्मापंप बाहेरची उष्णता आत ओढून एका युनिट विजेवर सुमारे ३ युनिट उष्णता घराला देतो, त्याची निकड नेमकी हिवाळी रात्री, सूर्य गैरहजर असताना भासते. उलट त्याचाच सख्खा भाऊ जो वातानुकूलक, तो इथे वैशाखात भर दुपारी, छपरावरच्या सौर पॅनेलांच्या ऐन कमाईच्या प्रहरी चालतो. अशा पॅनेलांचा १ किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी ४ युनिट देतो. २०२४च्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान ठरले. मात्र पॅनेल २५ अंशांपलीकडे तापले की दर अंशाला उत्पादन सुमारे ०.४ टक्क्याने घटते, आणि मे महिन्यातल्या रणरणत्या गच्चीवर ही वजावट मामुली नसते.