दोन ओळी मका, एक ओळ चवळी

जमीन तुटपुंजी, दावणीला एखाद-दुसरी गाय आणि चाऱ्यासाठी मात्र दुसऱ्याचा बांध, ही खेड्यांतील आपल्या अनेक कुटुंबांची स्थिती आहे. गवताच्या भाऱ्यापायी आपल्या आयाबहिणींना बोलणी खावी लागतात. १९६४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी तुरुंग भरले ते जमिनीसाठी. पदरात पडलेल्या गुंठ्यांतून स्वाभिमान कसा पिकवायचा, हा प्रश्न आता आपला आहे.

बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतजमिनींवरील निबंधात दाखवून दिले, की शेती किफायतशीर होणे हे नुसत्या आकारावर नव्हे, तर तीवर लागणाऱ्या श्रम-भांडवलाच्या प्रमाणावर ठरते. हाच हिशेब चाऱ्याला लावून पाहू.

नुसत्या मक्याने जनावराचे पोट भरते, पण त्यात प्रथिने कमी. म्हणून पेंड विकत आणावी लागते. चवळीत प्रथिने जवळजवळ दुप्पट असतात. परंतु नुसती कोवळी चवळी भरपूर खाल्ली तर पोट फुगण्याचा धोका. दोन्ही एकत्र दिल्यास पेंडीचा खर्च घटतो. शिवाय चवळीच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र धरून ठेवतात. त्याचा लाभ मुख्यतः पुढच्या पिकाला होतो. म्हणून मक्याला शेणखत आणि थोडा युरिया द्यावाच.

एका गुंठ्याला ‘आफ्रिकन टॉल’ मका अर्धा किलो व चवळी १५० ग्रॅम पुरे. एक फुटावर ओळी धरून दोन ओळी मका, एक ओळ चवळी पेरावी. साधारण ६० दिवसांनी, चवळी फुलात व कणीस चिकात असताना कापून कुट्टी करावी. चांगल्या जमिनीत, पाण्यावर गुंठ्याला सुमारे ४०० किलो हिरवा चारा निघतो. रोज प्रत्येकी २० किलोप्रमाणे तो दोन जनावरांना १० दिवस पुरतो. म्हणून सगळे रान एकदम न पेरता दर १० दिवसांनी एकेक गुंठा पेरावा. थंडीत चवळी वाढत नाही. तेव्हा ओट आणि बरसीम घ्यावे.

मक्याऐवजी ज्वारी घेतल्यास ती फुलोऱ्यापूर्वी चारू नये. कोवळ्या, विशेषतः पावसाअभावी सुकलेल्या ज्वारीत विष असते, जनावर दगावते.

बंधू-भगिनींनो, एका गुंठ्यापासून सुरुवात करा. आपल्या रानातला भारा डोक्यावर घेऊन येणाऱ्या बाईला कोणाचे बोल ऐकावे लागत नाहीत. जयभीम!