सभागृहाला न सांगितलेले लक्ष्य

युद्धकाळात नागरी वस्त्यांवर बॉम्ब टाकावेत काय, हा प्रश्न सहसा नीतिशास्त्राचा मानला जातो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश संसदेत मात्र त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न उभा राहिला: सरकार नेमके काय करीत आहे, हे सभागृहाला कळत होते काय?

मजूर पक्षाचे खासदार रिचर्ड स्टोक्स यांनी १९४३ मध्ये हेच विचारले. लक्ष्ये नेहमी लष्करीच असतात, रात्रीच्या हल्ल्यात भोवतालचा परिसर सापडणे अपरिहार्य असते, असे उत्तर हवाईमंत्री आर्चिबाल्ड सिंक्लेअर यांनी दिले. प्रत्यक्षात १४ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशाने जर्मन नागरिकांचे, विशेषतः औद्योगिक कामगारांचे मनोधैर्य हेच लक्ष्य ठरविले होते. नेम गोद्यांवर वा विमान कारखान्यांवर नव्हे, दाट वस्तीवर धरावयाचा, असा खुलासाही हवाई दलप्रमुख चार्ल्स पोर्टल यांनी दुसऱ्याच दिवशी केला होता. सरकारची अडचण खरी होती. अंधारात अचूक मारा साधत नव्हता आणि जर्मनीवर थेट प्रहार करण्याचे दुसरे साधन हाती नव्हते. पण ही अडचण सभागृहापुढे मांडली गेली नाही.

९ फेब्रुवारी १९४४ रोजी उमरावसभेत चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल बोलले. ते नाझींचे जुने विरोधक होते. हिटलरविरोधी जर्मनांशी त्यांचा संपर्क होता. त्यामुळे त्यांना शत्रूचे कैवारी ठरविणे सोपे नव्हते. लष्करी लक्ष्यांवरील हल्ल्यात नागरिक मरतात, हे त्यांनी मान्य केले; परंतु अवघे शहर पुसून टाकणे कोणत्याही साध्याच्या प्रमाणात बसत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. निव्वळ दहशतीचे हल्ले हवाई दलाने कधीच केलेले नाहीत, असे व्हायकाउंट क्रॅनबोर्न यांनी सरकारतर्फे सांगितले. यातील ‘निव्वळ’ या शब्दाचे वजन संसदीय उत्तरे लिहिणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

ही संदिग्धता बॉम्बर कमांडचे प्रमुख आर्थर हॅरिस यांनाही मान्य नव्हती. शहरे उद्ध्वस्त करणे हाच हेतू असल्याचे उघड जाहीर करा, अशी मागणी त्यांनी ऑक्टोबर १९४३ मध्येच हवाई मंत्रालयाकडे केली होती. ती मानली गेली नाही.

ड्रेस्डेनमध्ये फेब्रुवारी १९४५ मध्ये सुमारे २५ हजार माणसे मेली. ६ मार्चला स्टोक्स यांनी पुन्हा प्रश्न उपस्थित केला आणि पुन्हा इन्कार झाला. तीनच आठवड्यांनी, २८ मार्चच्या गोपनीय टिपणात, इतर सबबी पुढे करून दहशत वाढविण्यासाठी चाललेल्या हल्ल्यांचा फेरविचार व्हावा, असे पंतप्रधान चर्चिल यांनीच लिहिले. पोर्टल यांनी आक्षेप घेताच ते टिपण मागे घेण्यात आले. १ एप्रिलच्या सुधारित टिपणात ‘दहशत’ हा शब्द उरला नव्हता.