मागच्या बाकावरचा सहकारी
१९७७ साली अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठातली एक गमतीदार पाहणी प्रसिद्ध झाली. तुम्ही सरासरीपेक्षा चांगलं शिकवता का, असं प्राध्यापकांना विचारलं होतं. शंभरातले ९४ म्हणाले, हो! सरासरीच्या खाली बसायला उरले किती? सहा!

ही मंडळी लबाड नव्हती. वर्गाचं दार लागलं की आत काय चालतं ते दुसरा प्राध्यापक पाहतोच कुठे?

मग सहकाऱ्यालाच मागच्या बाकावर बसवलं तर? बसवा. तास संपल्यावर तो म्हणेल, "छान झालं हो!" आणि चुकून मनातलं बोललाच, तर दोघांचा एकत्र चहा बंद. शिवाय एकाला जो तास रंगतदार वाटतो, त्याच तासाला दुसरा जांभया देतो. मत कुणाचं धरायचं?

कुणाचंच नाही! अमेरिकेतल्या मेन आणि कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१३ साली 'कोपस' नावाचा तक्ता मांडला. त्यांच्यात कार्ल वीमन होते. अणू निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ गोठवून २००१ चं नोबेल मिळवणारे हे भौतिकशास्त्रज्ञ पुढे वर्गांच्या मागे लागले! त्यांच्या तक्त्यात पाहणाऱ्याला मत विचारतच नाहीत. दर दोन मिनिटांनी नुसत्या खुणा करायच्या. बाई बोलताहेत? फळ्यावर लिहिताहेत? मुलं ऐकताहेत, की आपसांत चर्चा करताहेत? अशा एकूण २५ खुणा, आणि त्या शिकायला दीड तास पुरतो. मेनमध्ये हे काम कुणी केलं असेल? आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांनी! प्राध्यापक शिकवताहेत आणि मागे गुरुजी टिपून घेताहेत.

शेवटी हाती येतो तासाचा ईसीजीच म्हणा ना. "तुम्ही फार बोलता" यावर वाद घालता येतो. सलग वीस मिनिटं एकाच रकान्यात पडलेल्या खुणांशी कसा घालणार?

असा उपक्रम चालवणाऱ्याने मात्र एक पथ्य पाळायलाच हवं, असं मला वाटतं. हा कागद बढतीच्या फायलीत जाता कामा नये. एकदा गेला, की पुढच्या खेपेला वर्गात नाटक बसवलेलं असणार.

२०१८ साली उत्तर अमेरिकेतल्या ५०० हून अधिक प्राध्यापकांच्या २,००० हून अधिक विज्ञान-तासांची अशीच नोंद प्रसिद्ध झाली. ५५ टक्के तासांत बहुतेक वेळ नुसतं व्याख्यान! वर्ग छोटा असला, बाकं हलवता येत असली, तरी चर्चा होईलच याची खात्री नव्हती.

तुम्ही शिकवत असाल, तर शेजारच्या विभागातल्या कुणाला तरी उद्या वर्गात बोलवा. मत विचारू नका. खुणा मागा.