सीमाभागातला कॅन्सर मोजायचा कुणी?

बेळगाव : उद्यमबागेत पाळी सुटली की चहाच्या गाड्यावर तंबाखूची पुडी निघतेच. निपाणीत तर तंबाखूवरच बाजारपेठ उभी राहिली. शेतकरी, व्यापारी, विडी वळणाऱ्या बायका, सगळ्यांची चूल त्यावर. मग आपल्याकडं तोंडाचे कॅन्सर किती? हॉस्पिटलांच्या याद्या बघून हे कळणार नाही.

निपाणीचा पेशंट कोल्हापूर गाठतो, खानापूरचा बेळगावला येतो, ऐपत असली तर मुंबईचं टाटा. यादीत आलेले दिसतात, घरीच राहिलेले नाहीत. लोकसंख्येवर आधारित नोंदणी वेगळी. तिथं उपचार कुठंही होवोत, माणूस राहत्या गावात मोजला जातो. अशी नोंदणी 1982 मध्ये बंगळूर, चेन्नईत सुरू झाली; मुंबईत ती 1963 पासूनच होती. देशात खेड्यांसाठी पहिली नोंदणी झाली 1987 मध्ये, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत. बार्शी, परांडा, भूम तालुक्यांतली 346 गावं. पेशंट येईल म्हणून वाट बघत न बसता नोंदणीची माणसंच गावोगाव फिरली, लक्षणं समजावली, संशय असलेल्यांना तपासणीला आणलं.

शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात पुढं 30 ते 59 वयाच्या सुमारे 1 लाख 31 हजार बायकांचा अभ्यास झाला. निष्कर्ष 2009 मध्ये आले. एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटापेक्षा जवळपास निम्मे! तपासणीविना ठेवलेल्या बायकांवरून नंतर वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण जगाला धडा मिळाला तो आपल्यासारख्याच गावांतून.

आपली अडचण दुहेरी. 2023 मध्ये महाराष्ट्रानं महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना द्यायचं ठरवलं, कर्नाटकानं हरकत घेतली. दोन सरकारं भांडताना पेशंट मात्र कागद घेऊन या खिडकीवरून त्या खिडकीवर.

उद्यमबागेसाठी आणखी एक गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लोखंड-पोलादाच्या फौंड्रीतलं काम फुफ्फुसाच्या कॅन्सरचं कारण म्हणून नोंदवलंय. त्यामुळं फौंड्रीतल्या कामगाराला बरेच दिवस खोकला असेल तर ‘धुळीचा आहे’ म्हणून सोडू नका. डॉक्टरांना काम काय करता तेही सांगा.

तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, पांढरा-लाल चट्टा दिसला, तोंड कमी उघडायला लागलं, तर लगेच दाखवा. मिसरी लावणाऱ्या बायकांनीही. तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमात आहे; जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. आणि कोल्हापूर-मिरजेला केसपेपर काढताना पाहुण्यांचा पत्ता देऊ नका. आपल्या गावाचाच द्या, नाहीतर गावचा पेशंट दुसऱ्याच गावाच्या नावावर चढतो.