दरसाल नवें पत्र आणि सालाबादचें स्मरण

जुनीं इनामपत्रें वाचणाऱ्या अभ्यासकास त्यांतील शेवटच्या दोन ओळींचें फारसें अगत्य नसतें. दान कोणीं दिलें, कोणास दिलें, जमीन किती व तिथि कोणती एवढें टिपून घेतलें कीं त्याचें काम भागतें. त्या शेवटच्या ओळींत बहुधा एकाच धर्तीचा मजकूर असतो. आदिलशाही अमलांतील पत्रांत ‘दर हर साल ताजे खुर्दखताचा उजूर न कीजे, तालीक घेऊन असल फिराऊन दीजे’ अशा वळणाचे शब्द येतात. मराठेशाहींतील पत्रांत त्यांच्या जागीं ‘दरसाल नूतन पत्राचा आक्षेप न करणें, या पत्राची प्रति लिहून घेऊन हें पत्र भोगवटियास परतोन देणें’ असे शब्द दिसतात. भाषा बदलली, राज्य बदललें, परंतु आशय जागचा हालला नाहीं. जें वाक्य दोन राज्यांच्या कारकुनांनीं इतक्या नेमानें लिहिलें, तें केवळ शोभेसाठीं लिहिलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. या वाक्याचा अर्थ काय, त्याची गरज कां पडली आणि आजच्या एका व्यवहाराशीं त्याचें नातें काय, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम शब्दार्थ पाहूं. खुर्दखत म्हणजे सरकारी आज्ञापत्र, उजूर म्हणजे हरकत, तालीक म्हणजे नक्कल आणि असल म्हणजे मूळ पत्र. भोगवटा म्हणजे मिळालेल्या वस्तूचा चालू उपभोग. तेव्हां एकंदर अर्थ असा कीं, अंमलदारानें इनामदारास ‘या सालचें ताजें पत्र दाखव, मग इनाम चालवूं’ असें म्हणूं नये. आलेल्या पत्राची नक्कल दप्तरीं ठेवावी आणि मूळ पत्र धन्यास परत करावें. येथें साल म्हणजे जानेवारीपासूनचें साल नव्हे, हेंही वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. शुहूर सन मृगाच्या आरंभीं पालटत असे. शुहूर १०४६ म्हणजे इसवी १६४५-४६. पेरणीच्या तोंडावर साल नवें होई, हिशेब नवा होई आणि पुष्कळदां अंमलदारही नवा येई.

एखाद्या गोष्टीचा निषेध वारंवार करावा लागतो, तेव्हां ती गोष्ट वारंवार घडत असते. नवें पत्र मागण्याची चाल नसती तर तिची मनाई लिहिण्याचें कारण नव्हतें. ही चाल पडण्याचीं कारणें समजण्यासारखीं आहेत. नव्या अंमलदारास मागील माणसानें काय चालविलें याची खात्री नसे. वर्षाचा हिशेब त्याच्या अंगावर असल्यामुळें, सोडलेल्या प्रत्येक बिघ्याचा जाब आपल्यास विचारला जाईल हें भय त्यास असे. तिसरें कारण लोभाचें. ताजें पत्र आणावयाचें म्हणजे अर्ज, प्रवास, मुक्काम आणि कारकुनांची मनधरणी हीं ओघानेंच आलीं. सोलापुराहून विजापूर सुमारें शंभर किलोमीटर आहे. आज सात रस्त्यावरून विजापूर रस्त्यास लागणारा मनुष्य कांहीं तासांत तेथें पोंचतो. पायीं अथवा तट्टावर जाणाऱ्यास जातायेतां आठवडा लागावा, आणि तोही ऐन पेरणीच्या दिवसांत. चार बिघ्यांच्या इनामदारास दरसाल असा खेप घालणें परवडण्यासारखें नव्हतें. पत्र आणण्यास चुकला तर इनाम अडे, आणि आणावयास गेला तर पीक हातचें जाई.

सोलापूर प्रांतीं ही अडचण अधिक जाणवली असली पाहिजे. हा मुलूख सीमेवरचा. १५२४ च्या सुमारास विजापूरच्या राजकन्येचा विवाह बुऱ्हाण निजामशहाशीं झाला, त्या वेळीं सोलापूर आंदण देण्याचें ठरलें. तें दिलें गेलें नाहीं आणि त्या एका न पाळलेल्या वचनापायीं दोन्ही शाह्यांत पुढें अनेक लढाया झाल्या. चांदबिबीच्या विवाहांत पुन्हां हेंच सोलापूर आंदणांत आलें, या वेळीं विजापूरकडे. १६६८ च्या तहानें किल्ला मोंगलांकडे गेला. पेशवाईच्या अखेरीस तो पेशव्यांकडे होता आणि १८१८ च्या मे महिन्यांत जनरल मन्रो यानें तो घेतला. ज्या गांवावर धनी असे पालटतात, त्या गांवच्या इनामदारास आपला हक्क प्रत्येक नव्या मनुष्यापुढें नव्यानें मांडावा लागतो.

यावर जुन्या दप्तरानें काढलेली तोड तीन अंगांची होती. पहिलें अंग पत्राच्या मायन्यांत आहे. पत्र अमुक एका व्यक्तीस न लिहितां ‘कारकुनानि हाल व इस्तकबाल’ यांस, अथवा मराठी पद्धतीनें ‘वर्तमान व भावी’ अधिकाऱ्यांस लिहिलेलें असे. म्हणजे जो अंमलदार अद्याप नेमलाही गेला नाहीं, त्यासही आज्ञा आधींच पोंचलेली असे. दुसरें अंग नकलेचें. नक्कल दप्तरीं राहिल्यामुळें स्मरण ठेवण्याचा भार सरकारावर येई. तिसरें अंग मूळ पत्राचें. तें ज्याच्या पोटाशीं त्याचा संबंध, त्याच्याच हातीं राही. दप्तर विसरलें तर धनी पत्र दाखवील, आणि धन्याचें पत्र संशयित वाटलें तर दप्तर नक्कल काढील. अशा रीतीनें कोणीं दरसाल आठवण न करितांही आठवण आपोआप होत राहावी, ही योजना होती.

ही योजना सर्वत्र निर्दोष चालली असें मात्र म्हणतां येणार नाहीं. पुष्कळ घराण्यांच्या दप्तरांत एकाच इनामाचीं चार-चार, पांच-पांच पत्रें सांपडतात आणि त्या प्रत्येकांत नवें पत्र न मागण्याची ताकीद असते. नवा राजा गादीवर आला, नवी सत्ता आली, कीं इनामदार स्वतःच पुढें होऊन भोगवटा मान्य करून घेई. लेखी अभयापेक्षां ताज्या शिक्क्यावर त्याचा विश्वास अधिक होता, आणि अनुभवानें तो तसा झाला होता.

या दोन ओळींची खरी परीक्षा कंपनी सरकारच्या काळांत झाली. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशनास अधिकार मिळाले आणि मुंबई इलाख्यांतील इनामदारांस आपापले हक्क सिद्ध करण्याची पाळी आली. तेव्हां घरांतील सनद आणि पुण्याच्या पेशवे दप्तरांतील नोंदी हीं एकमेकांशीं ताडून पाहण्यांत आलीं. ‘प्रति लिहून घेऊन’ आणि ‘परतोन देणें’ हीं त्या जुन्या वाक्याचीं दोन अर्धीं त्या दिवशीं समोरासमोर आलीं. ज्याच्याजवळ कागद होता व दप्तरांत नोंद होती तो तरला. ज्याचें पत्र वाळवीनें खाल्लें त्याच्या पूर्वजांचा शंभर वर्षांचा भोगवटाही वादांत पडला. १८६३ च्या कायद्यांनीं ठराविक सालाना रक्कम भरून हक्क कायम करून घेण्याची वाट काढली, तेव्हां पुष्कळांनीं चौकशीच्या दगदगीपेक्षां ती वाट पत्करली.

आतां आजच्या व्यवहाराकडे वळूं. सरकारी निवृत्तिवेतन घेणाऱ्यास दरसाल नोव्हेंबरांत आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. हें एका अर्थीं दरसालचें ताजें पत्रच होय, आणि तें न दिल्यास पुढील वेतन थांबतें. ऐंशी वर्षांवरील वृद्धांस ऑक्टोबरच्या आरंभापासून मुभा आहे. १० नोव्हेंबर २०१४ रोजीं ‘जीवन प्रमाण’ ही योजना सुरू होऊन बोटाच्या ठशावरून घरबसल्या दाखला देतां येऊं लागला आणि २०२१ पासून चेहरा ओळखणाऱ्या यंत्राचीही सोय झाली. आमच्या विषयाच्या दृष्टीनें याहून महत्त्वाची गोष्ट २०२० च्या जानेवारींतील आहे. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतन विभागानें बँकांस असें कळविलें कीं, दरसाल २४ ऑक्टोबर, १ नोव्हेंबर, १५ नोव्हेंबर व २५ नोव्हेंबर या चार दिवशीं सर्व निवृत्तांस भ्रमणध्वनीवर अथवा ई-मेलनें स्मरणाचा संदेश पाठवावा. आणि १ डिसेंबर रोजीं, ज्यांचा दाखला आला नाहीं अशांची निराळी यादी करून, कोणी घरीं येऊन दाखला घ्यावयास हवा आहे काय, हें त्यांस विचारावें.

येथें जुनी व नवी पद्धत ताडून पाहणें बोधप्रद होईल. इनाम पुत्रपौत्रादि चालावयाचें असल्यामुळें दरसाल चौकशीचें कारण नव्हतें. वेतन मनुष्याबरोबर संपतें, म्हणून हयातीची खात्री करणें सरकारास भाग आहे. तेवढ्यापुरतें ताजें पत्र मागणें अन्यायाचें नाहीं. परंतु मागणाऱ्यानेंच आठवणही करावी, हें तत्त्व दोन्हीकडे सारखें आहे. यंत्रास कंटाळा येत नाहीं. नेमलेल्या तारखेस तें लक्षावधि लोकांस एकच मजकूर पाठवितें. त्यांतच त्याची उणीवही आहे. ज्यानें दाखला कालच दिला त्यास पुन्हां तोच संदेश आला म्हणजे तो पुढील वर्षीं संदेश न वाचतांच टाकून देतो. ज्याचा भ्रमणध्वनी नातवाच्या हातीं असतो, अथवा ज्याचा क्रमांक बदलला आहे, त्यास चार संदेश पाठविले काय आणि चाळीस पाठविले काय, सारखेंच. म्हणून चार सरसकट संदेशांपेक्षां १ डिसेंबरची यादी आम्हांस अधिक मोलाची वाटते. तींत कोण राहिला हें पाहिलें जातें, आणि राहिलेल्याकडे सरकारच्या वतीनें कोणी जाऊं शकतो.

जुन्या कारकुनास यंत्र ठाऊक नव्हतें, तथापि आठवण करून देण्याचा खर्च कोणीं सोसावा हा प्रश्न त्यानें स्पष्ट ओळखला होता. दुबळ्या पक्षास दरसाल खेप घालावयास लावूं नये, नक्कल आपण ठेवावी, आणि मूळ त्याचें त्यास परत द्यावें, असा त्याचा निकाल होता. घरोघरीं पडलेलीं जुनीं पत्रें वाचतांना अभ्यासकांनीं या शेवटच्या ओळी गाळूं नयेत, त्यांतील पाठभेद सालवार नोंदावेत, अशी आमची विनंती आहे. कोणत्या सालीं ‘खुर्दखत’ जाऊन ‘नूतन पत्र’ आलें, कोणत्या प्रांतीं मनाई अधिक कडक शब्दांत लिहिली गेली, हें एकत्र मांडलें तर सामान्य रयतेस दप्तराचा जाच कोठें व किती होता याचा पुष्कळसा उलगडा होईल.

सात रस्ता, सोलापूर