अक्कलदाढेचा ठणका : लवंगेने रात्र निघते, रोग निघत नाही

रामदासपेठ, नागपूर : काटोल, सावनेर, उमरेड, कुहीकडची माणसे सकाळच्या एसटीने गणेशपेठ बसस्थानकावर उतरतात आणि त्यातली बरीचशी ऑटो करून रामदासपेठ गाठतात. धंतोली-रामदासपेठ ही नागपूरची दवाखान्यांची वस्ती. दाताच्या दवाखान्यात बाकावर कुणी गालाला दुपट्टा बांधून बसला असेल, तर समजावे की रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नाही. विचारले तर उत्तर बहुधा ठरलेले असते, "दोन महिन्यांपासून दुखून राहिली भाऊ, पण सोयाबीन सोंगायचं होतं. आता तोंडच उघडत नाही."

वावरातले काम सुटत नाही, हे खरेच. दाढ नेमकी हंगामात, रात्री किंवा रविवारी ठणकते, हेही खरे. अशा वेळी घरच्या घरी काय करावे, काय करू नये आणि कोणत्या खुणा दिसल्या की काम टाकून निघावे, एवढे प्रत्येक घरात माहीत असायला हवे.

दुखते कशाने?

ही शेवटची दाढ साधारण १७ ते २५ या वयात, म्हणजे माणूस शहाणा व्हायच्या वयात येते, म्हणून तिला अक्कलदाढ म्हणतात. तोवर अनेकांच्या जबड्यात जागा उरलेली नसते. मग ती आडवी-तिरपी फुटते, नाहीतर अर्धीच वर येते. उरलेल्या भागावर हिरडीची झाकणी राहते. तिच्याखाली भाकरीचा कण, भाजीचा धागा अडकतो. ब्रश तिथवर पोहोचत नाही. अन्न कुजते, जंतू वाढतात, हिरडी सुजते आणि तीच सुजलेली हिरडी वरच्या दाढेखाली चावली जाते. ठणका कानात, घशात जातो. कित्येक जण म्हणूनच आधी कानात औषध टाकून बसतात.

घरी काय करावे?

पहिले काम सफाईचे. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून दुखऱ्या बाजूला पाणी घोळवावे आणि थुंकावे. दिवसातून चार-पाच वेळा व प्रत्येक जेवणानंतर हे करावे. मऊ ब्रशने हळूच ती जागा साफ करावी. काडी, पिन, सुई घालून कोरू नये.

सूज असेल तर बर्फ फडक्यात गुंडाळून गालावर बाहेरून १५ मिनिटे धरावा, मग थोडे थांबून पुन्हा. बर्फ नसेल तर माठाच्या पाण्यात पिळलेले फडके चालेल. गरम विटेचा किंवा तव्यावर तापवलेल्या कपड्याचा शेक देऊ नये. त्याने सूज वाढू शकते.

लवंगेचा उपाय खोटा नाही. लवंगेच्या तेलातले युजेनॉल दाताचे डॉक्टरही मसाल्यात वापरतात. पण कापसाच्या बोळ्यावर एखादा थेंबच घ्यावा, दाढेपाशी थोडा वेळ धरून काढून टाकावा. तेल ओतले तर हिरडी भाजते. अक्कलकाऱ्याचे पिवळे फूल चावले की झिणझिण्या येऊन तोंड बधिर होते, हेही जुन्या माणसांना ठाऊक आहे. मात्र बधिर झाले म्हणजे बरे झाले, असे नव्हे.

गोळीच घ्यायची तर मोठ्या माणसाने पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची एक घ्यावी, गरज पडल्यास सहा तासांनी दुसरी. डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवसात चारच्या वर जाऊ नये. दारू पिणाऱ्याने व काविळीच्या किंवा लिव्हरच्या रोग्याने आधी विचारावे. आयब्युप्रोफेनसारखी गोळी उपाशीपोटी नको. अल्सर, किडनीचा आजार, दमा असणाऱ्यांनी व गरोदर बायांनी ती स्वतःच्या मनाने घेऊच नये. डेंग्यूची साथ असताना ताप अंगात असेल, तरीही ती टाळावी.

हे करू नका

अॅस्पिरिनची गोळी दाढेवर दाबून ठेवू नये, हिरडी जळून पांढरी पडते. रॉकेल, बॅटरीचे पाणी, चुना लावू नये. तंबाखू किंवा गुडाखू दाबल्याने ठणका क्षणभर कमी वाटतो, पण जखम चिघळते. मेडिकलमधून "दाढेची गोळी द्या" म्हणून अँटिबायोटिक घेऊ नये. दोन दिवस खाऊन उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवल्या, की जंतू मुरतात आणि पुढच्या वेळी औषध लागू पडत नाही. रिंगणीच्या बियांचा धूर देऊन दाढेतला किडा काढणाराही भेटतो. दाढेत असा वळवळणारा किडा नसतो.

खर्रा खाणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. तोंड हळूहळू कमी उघडत असेल, तिखट झोंबत असेल, गालाची आतली कातडी ताठ झाली असेल, तर दोष अक्कलदाढेचाच असेल असे नाही. खर्ऱ्यातल्या सुपारीने हा रोग होतो आणि पुढे तो कर्करोगाकडे जाऊ शकतो. दाढ दाखवायला जाल तेव्हा सगळे तोंडच तपासून घ्या.

या खुणा दिसल्या की थांबू नका

जबड्याखाली किंवा मानेवर सूज उतरणे, ताप व थंडी, तोंड दोन बोटेही न उघडणे, थुंकी गिळता न येणे, आवाज बदलणे, श्वास लागणे. यातले काही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. जंतू मानेत उतरले की सुजेने श्वासनलिका दाबली जाते आणि जिवावर बेतते. १०८ ला फोन करून सरळ मोठ्या दवाखान्यात न्यावे. मधुमेह असणाऱ्याने तर थोडी सूजही अंगावर काढू नये.

एरवी एक-दोन दिवसांत दाताच्या डॉक्टरला दाखवावे. ठणका थांबला म्हणून परत फिरू नये. झाकणी तशीच असते, पुन्हा अन्न अडकते, पुन्हा सुजते. खासगीचा खर्च झेपत नसेल तर मेडिकल चौकात शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातही दातांचे डॉक्टर बसतात का, कोणत्या वारी, हे आधी विचारावे. जाताना बीपी, शुगर, रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्यावी व थोडे खाऊन जावे.

प्रत्येक अक्कलदाढ काढावीच लागते असे नाही. डॉक्टर एक्स-रे पाहून ठरवतात. सूज असेल तर बहुधा आधी सफाई व औषध, काढणे नंतर. "दाढ काढली की नजर जाते" ही भीती अजून गावोगावी आहे. डोळ्याची नस वेगळी, दाढेची वेगळी. दाढ काढल्याने नजर जात नाही.

सरपंच, पोलीस पाटील व आशाताईंनी एवढे करावे : ग्रामीण रुग्णालयात दाताचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते विचारून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावे आणि वरच्या धोक्याच्या खुणा त्याखाली मांडाव्यात. सोयाबीनची सोंगणी एक दिवस पुढे ढकलता येते, मानेत उतरलेली सूज ढकलता येत नाही.